हललं की झोपवायचं नाही

“थांबा! हात मागे!”

मुलांच्या आयसीयूत पहिलाच दिवस, आणि हे माझं स्वागत! विस्कटलेल्या केसांचा एक डॉक्टर माझ्या हातातल्या सिरिंजकडे रोखून बघत होता. ऑपरेशन झालेली चिमुरडी हलली, म्हणून मी झोपेचं औषध वाढवायला निघाले होते. मी भूल देणारी. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे आमच्या ओटीत, मूल हललं की झोपवायचं, हे हाताला पाठच.

“इथे हललं की आनंद मानायचा, निद्रादेवी,” तो हसला. “जागी होतेय ती.”

निद्रादेवी म्हणे! चांगलीच चिडले मी. मग दिवसभर तेच नाव आठवून हसू का येत होतं, देव जाणे.

भूल आणि मुलांचं आयसीयू दोन्ही शिकायचं, म्हणून एक महिना ओटी, एक महिना आयसीयू, असं माझं जोडशिक्षण. आयसीयूचा नियम असा, की सांगितलेलं ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. चूक नको म्हणून. हा पठ्ठ्या चहालाही तेच करायचा. “साखर कमी, आलं नको. बरोबर?” आणि असा बघायचा, की... जाऊ दे!

वर्ष सरत आलं आणि आज सकाळी मोठ्या मॅडमनी विचारलं, “जोडशिक्षण पुढे चालू ठेवतेस, की नुसती भूल? संध्याकाळपर्यंत सांग.”

आईला फोन केला. “दोन डगरींवर हात नको गं,” ती म्हणाली. “एक काय ते ठरव.”

पण ठरवू कशी? राहावंसं वाटत होतं खरं... पण मुलांसाठी, की त्याच्यासाठी? एका माणसापायी करिअर ठरवण्याइतकी का मी खुळी आहे?

दुपारी, बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर असलेल्या एका पोराची नळी आम्ही काढली. तो खोकला, माझ्याकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आई कुठंय?” आणि मला रडूच फुटलं. हा पठ्ठ्या इथे नसता, तरी मला हे काम हवंच असतं. इतकं तरी कळलं!

मॅडमना सांगून आले, तर तो दारातच उभा. चेहरा उतरलेला.

“काय ठरलं?”

“राहतेय. तुझ्यासाठी नाही हं, मुलांसाठी.” मी अडखळले. “म्हणजे... थोडी तुझ्यासाठीही. किती, ते मलाच कळत नाहीये.”

त्याचे कान लाल झाले.

“राहतेय. मुलांसाठी. थोडी माझ्यासाठी. किती, ते माहीत नाही...” त्याचा आवाज कापत होता. “बरोबर?”

“बरोबर,” मी म्हटलं.