आतली कडी

“तात्या, खरी गोष्ट सांगा हं. उगाच बनवू नका,” गच्चीत कोंडाळं करून बसलेल्यांपैकी धाकटी भाची म्हणाली.

“माझ्या सख्ख्या मेहुण्याची आहे. त्यालाच विचार... पण तो बोलणार नाही.” तात्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मेहुणा घरं विकून देणारा. गेल्या वर्षी, बारा नोव्हेंबरला, रात्री पावणेआठला एक जोडपं फ्लॅट बघायला येणार होतं. हा साडेसहापासून तिथे. दिवाणखान्याला नवा रंग, मोठे बल्ब, कोरं पायपुसणं, ओल आलेल्या भिंतीला कपाट. “गिऱ्हाईक दारातच पटतं,” तो नेहमी म्हणायचा, “पुढची चक्कर नुसती नावाला.”

जोडपं आलं. सोबत पाच वर्षांची मुलगी. बाई दारातच हरखली. “अय्या, किती उजेड!” नवऱ्याने हळूच कोपर मारलं. एवढं कौतुक केलं, तर भाव कसा उतरवायचा?

“आधी कोण राहायचं इथे?”

“एक आजी. गेल्या मुलाकडे राहायला.” मेहुण्याने पापणीही लववली नाही.

आजी कुठेही गेल्या नव्हत्या. बाथरूमची कडी आतून अडकायची. एका रात्री अडकली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं, तोवर आजी आतच संपल्या होत्या. मेहुण्याने दार नवं बसवलं, कडी मात्र तीच, पुसून. बदलायला दहा मिनिटं लागली असती. पण आतली कडी गिऱ्हाइकाला दिसते कुठे?

स्वयंपाकघरात बाई थबकली. “पिल्लू कुठंय?”

“आई... उघडत नाही...” बाथरूममधून रडका आवाज आला.

नवरा धावला. धक्के मारले. लाथा घातल्या. दार हलेना. आत काय झालंय, ते मेहुण्याला माहीत होतं. त्याला एकट्यालाच.

मग रडणं थांबलं.

एकदम.

आत कुणीतरी बोलत होतं... हळू. म्हातारा आवाज. समजूत घालणारा.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मेहुण्याकडे. मेहुण्याने... जमिनीकडे.

खट्.

दार उघडलं. आत पोर एकटीच.

“आजीने उघडलं,” ती म्हणाली. “तिला कुणीच उघडलं नव्हतं म्हणे.”

मेहुण्याने तिथेच सगळं सांगून टाकलं. ती दोघं मुलीला उचलून निघाली.

तात्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मग?”

“जिन्यात आईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला... आणि किंचाळली. येताना पोरीचे केस मोकळे होते. आता चापूनचोपून वेणी घातलेली. टोकाला रबर नव्हतं... पांढऱ्या केसांची गाठ होती.”