वीतभर जागा

येळ्ळूरला पारमिताच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं तिची विजेची भट्टी. बेळगावच्या हॉटेलांना कप-बशा करून द्यायच्या आणि उरल्या वेळात आपलं वेड जोपासायचं, असा तिचा झकास कारभार. वेड म्हणजे आफ्रिकेतली कापडं. काँगोतल्या कुबा बायका झाडाच्या धाग्यांच्या कापडावर सुईनं चौकटीत चौकट भरतात. एकीनं सुरू केलेलं दुसरी पुढं नेते, आणि हात बदलला की नक्षीही वळण घेते. पारमिता ती नक्षी ओल्या मातीच्या फरशीवर खिळ्यानं कोरायची, एकेक टाका करून.

त्या कापडाचा पहिला फोटो बघून नागुबाईआत्ती म्हणाली होती, "अगं, ही तर आमची वाकळच की!"

या आत्तीनंच पारमिताला वाढवलं. गावातल्या कितीतरी वाकळा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, तिच्या आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या, सोनुबाईच्या, हातच्या. दोघी समोरासमोर बसून कडेकडून मध्याकडं शिवत यायच्या. शेवटची वीतभर जागा एकीनं दुसरीसाठी सोडायची, हा त्यांचा रिवाज. सोनुबाई जाऊन वर्षं लोटली. यंदा आत्तीची नजर गेली, तिनं सुई डब्यात टाकली ती टाकलीच. दिवसभर उंबऱ्याशी रिकामे हात मांडीवर घेऊन बसायची. ते हात बघून पारमिताचा जीव तुटायचा.

"आत्ती, मातीवर घाल की टाकं. बोटाला कळत्यात."

"आंधळीला खेळवतीस व्हय गं? आन् जोडीला कोण न्हाय. एकटीचं काम न्हाय ते."

पारमितानं हट्टानं मोठी फरशी घातली. एक कड कोरली, वर ओलं फडकं टाकलं, शेडला कुलूप लावलं.

सकाळी बघते तर समोरच्या कडेलाही टाक्यांची ओळ.

मांजर म्हणावं, तर मांजर चौकटी कोरत नाही. आपणच कोरून विसरलो असू, असं तिनं स्वतःला बजावलं. संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढला, किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी ओळ पुढं सरकलेली. कोरलेल्या मातीचा चुरा कोपऱ्यात नीट गोळा केलेला. पारमिताचे टाके उजवीकडं कलायचे, हे डावीकडं. आणि काय सांगायचं, हात तिच्यापेक्षा सरस होता! भीतीआधी तिला हेवाच वाटला.

मग एका सकाळी ओळ थांबली. मध्ये वीतभर जागा कोरी होती.

तिनं आत्तीला हाताला धरून आणलं, काही न सांगता बोटं फरशीवर ठेवली. बोटं टाक्यांवरून सरकत गेली आणि थबकली. मग तिनं ती ओळ पहिल्यापासून पुन्हा चाचपली.

"डावरीच हाय अजून," ती हळूच म्हणाली. मग खुदकन हसली. "खिळा दे गं."

दुपारभर ती ती वीत भरत होती. मध्येच फरशीलाच रागवायची, "हितं ढिला घातलास की गं!" आत्तीचे हात चालत होते, पारमिताला आणखी काय पाहिजे होतं? फरशी भट्टीतून अखंड निघाली, कुठं तडा नाही.

त्यानंतर आत्ती रोज सकाळी माती मागायची. तिचं खाणं वाढलं, ती बोलायची, गुणगुणायची. पारमितालाही सवय झाली. शेड बंद करताना ती खिळा फरशीजवळ ठेवून जायची.

श्रावणात आत्तीची लेक समता तिला निपाणीला घेऊन गेली. मागं आत्तीची फरशी अर्धी राहिलेली. पारमितानं ती तशीच झाकली.

दुसऱ्या दिवशी फडकं उचललं.

डावरे टाके मध्यापर्यंत आले होते. ते येणारच.

पण समोरून आत्तीचेही आले होते. तिचे तेच बुटके, घट्ट टाके.

पारमितानं निपाणीला फोन लावला.

"आई व्हय? बरी हाय की," समता म्हणाली. "लई खुशीत हाय. चहा पितीया. पर नखात ही ओली माती कुठली, इचारलं तर नुसती हसतीया बघ."

पारमितानं फोन खाली ठेवला.

दोन्ही ओळींच्या मध्ये वीतभर जागा कोरी होती, दोघींनीही सोडलेली.

खिळा तिनं काल डावीकडं ठेवला होता. आता तो तिच्या उजव्या हाताशी होता, आणि अजून ओला होता.