या, जेवायला या

मालाकाई, आधी टाळी वाजव. मग यांगोनाची वाटी घे. वादळानं घरं नेली, रीतभात नाही नेली. हां... आता एका दमात पी, मांजरासारखा चाटत बसू नकोस.

तुम्ही पोरं मघाशी हसत होता ना, म्हातारा दार लावून जेवतो म्हणून? हसा. आपल्यात दार लावून जेवायचं म्हणजे लाजच, मला काय कळत नाही? वाटेनं कुणी जाताना दिसलं की घास तोंडात असला तरी ओरडायचं, "या, जेवायला या!" आणि जाणाऱ्यानं "झालं, झालं" म्हणत पुढं निघायचं. बोलावणारा मनापासून बोलावत नसतो, जाणाऱ्याचं पोट रिकामं असतं, आणि तरी दोघांनाही बरं वाटतं. पण मी आता दार लावतो. त्याला कारण आहे.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझा मेहुणा वेरेनिकी, त्याच्या घरी घडलं. तेच, पाण्याच्या टाकीपलीकडचं शेवटचं घर. वेरेनिकी म्हणजे एक नंबरचा संशयी माणूस. बायकोनं चहात साखर जास्त टाकली तर विचारायचा, "कुणासाठी केला होतास?" मी त्याला म्हणायचो, "अरे, तू चर्चमध्ये डोळे मिटतोस तरी कसा? शेजारी कोण बसलंय ते बघायला एक उघडा ठेवत असशील." तो हसायचा नाही.

वादळानंतरचं दुसरं वर्ष ते. खालचं गाव समुद्रानं धुऊन नेलं होतं आणि सरकारनं तीन गावांची माणसं उचलून या डोंगरावर आणली होती. वर्षाच्या वर तंबूत काढलं आम्ही. जमिनीवर पाणी, कपड्यांना बुरशी. वेरेनिकीची नात केलेरा तेव्हा चार वर्षांची. तिची आई तिकडं सुवा शहरात, हॉटेलात कामाला, पोर आजीआजोबांकडं. तंबूच्या ओलीनं तिच्या छातीत जी घरघर बसली, ती जाईना. नर्सबाईनं वालेसीला, म्हणजे वेरेनिकीच्या बायकोला, तोंडावर सांगितलं होतं, "अजून एक पावसाळा तंबूत काढलात तर हिला माझ्याकडं आणू नका, मला जमायचं नाही."

मग घर मिळालं. खांबांवर उभं, फळ्यांची जमीन, पत्र्याचं छप्पर. कोरडं! वेरेनिकी पहिल्या रात्री जमिनीवरून हात फिरवत रडला. मी पाहिलंय.

पण लगेच बातमी फुटली. ईस्टर झाला की अधिकारी येणार, ज्यांचं घर खरोखर गेलं नव्हतं त्यांच्याकडून किल्ली परत घेणार. आता वेरेनिकीच्या खालच्या घराच्या दोन भिंती उभ्या राहिल्या होत्या. नुसत्या दोन भिंती, त्यात काय कोण राहणार? पण लोक चुगल्या करत होते. खालच्या गावात पावलांवरून माणूस ओळखायचो आपण. इथं तीन गावांची सरमिसळ, निम्मे चेहरे अनोळखी. वेरेनिकीला प्रत्येक अनोळखी माणूस आपली किल्ली न्यायला आल्यासारखा वाटायचा.

तर त्या दिवशी तो कसाव्याचे कंद काढायला खालच्या मळ्यात गेला. गुड फ्रायडेच्या आदला दिवस, गुरुवार. अंधारता अंधारता पोतं घेऊन वर आला. वाटेत काही झालं नाही. उगाच सरसावून बसू नका.

वालेसीनं नारळाच्या दुधात मासा केला होता. सगळं गाव चर्चच्या तंबूत गाण्याच्या तालमीला गेलेलं, त्यामुळं आळीत चिटपाखरू नव्हतं. केलेरा कोपऱ्यात गादीवर, घरघर चालू. दार उघडं. वेरेनिकीनं कसाव्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेरून पावलं वाजली. त्यानं मानही वर केली नाही. सवयीनं ओरडला,

"या, जेवायला या!"

पावलं थांबली.

"झालं, झालं" काही ऐकू आलं नाही.

मग पायऱ्या वाजल्या. माणूस आत आला. दारापाशी, खालच्या अंगाला, मांडी घालून बसला. पन्नाशीचा असेल. कमरेला गुंडाळलेला सुलू जुना, गुडघ्यांना तांबडी माती. केसांतही माती. कपाळाला सुद्धा.

वालेसीनं ताट पुढं केलं. त्यानं हात लावला नाही. त्यानं एकच टाळी वाजवली, यांगोनाची वाटी घेण्याआधी वाजवतो तशी, आणि थांबला.

वेरेनिकीच्या घरात यांगोना होती बरं का. कुटून पाण्यात कालवायची चांगली मुळी, पाद्रीसाहेबांना द्यायला आणलेली. त्यानं ती उशीखाली सरकवली. हा मेहुणा माझा! वालेसीनं डोळे वटारले, तर म्हणाला, "चोराचिलटांसाठी नाही आणलेली."

"कोणत्या गावचे तुम्ही?" त्यानं विचारलं.

"इथलाच."

"इथलं कुणीच नाही. सगळे खालून आलेत. तुम्ही कुठल्या घरचे?"

"याच."

वेरेनिकीनं ताट बाजूला सारलं. आला, म्हणाला मनात. किल्लीवाला आला.

"किल्ली माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "कुणी पाठवलं तुम्हाला? टाकीजवळच्यांनी ना?"

"घर तुझं," तो माणूस म्हणाला. "जोतं माझं."

आता हे जोतं काय, ते तुम्हा पोरांना सांगायला हवं. पाद्री यायच्या आधी आपली माणसं डोंगरावरच राहायची. दगडी जोती होती इथं, ओळीनं. माणूस गेला की त्याला त्याच्याच घराच्या जोत्याखाली ठेवायचे. घरांसाठी मशीन आणलं तेव्हा सगळं सपाट केलं. जमीनवाल्यांना आपण यांगोना देऊन रीतसर विचारलं होतं. जमिनीखालच्यांना... नाही विचारलं. घाई होती. पावसाळा तोंडावर होता.

वेरेनिकीच्या हे डोक्यातही आलं नाही. तो संशयानं पेटलेला.

माणसानं कोपऱ्याकडं पाहिलं. "पोरीला दम आहे?"

"तिच्याकडं बघू नका."

"माझीही एवढीच होती. तिचा दम... थांबला." मग हळूच म्हणाला, "आम्हाला जागा नाही राहिली. एक रात्र राहू द्या."

आम्हाला, म्हणाला. एकटाच तर बसला होता.

वालेसी उठली. "अहो, द्या ना त्यांना. एक वाटी द्या, कुठं काय जातंय?"

"आज रात्र मागतोय, उद्या घर मागेल!" वेरेनिकी उभा राहिला. "निघा. उठा. पोर आजारी आहे, तिला परत तंबूत न्यायची आहे का मला? निघा म्हणतो ना!"

माणूस वाद घालत बसला नाही. पाठ न दाखवता, वाकून, मागं सरकत बाहेर गेला. शहाण्या घरचा जातो तसा.

पायऱ्या वाजल्या.

वाटेवर पावलं वाजली नाहीत.

वेरेनिकीनं कडी लावली. दिवा बारीक केला. दोघं ऐकत बसली. मग घराखाली माती सरकल्यासारखं झालं. फळ्यांच्या खाली. बरोबर गादीच्या खाली.

"खाली झोपलाय मेला," वेरेनिकी कुजबुजला. "सकाळी सगळ्यांना दाखवीन."

आणि केलेराचा दम चढला. असा कधी चढला नव्हता. बरगड्या आत जायला लागल्या. नर्सबाईनं दिलेला फवारा तोंडाशी धरला... रिकामा. वालेसीनं तिला मांडीवर घेतलं. "त्यांना वर घ्या हो," ती म्हणत होती, "पाया पडते, वर घ्या."

वेरेनिकी कडीपाशी गेला. हात कडीवर ठेवला.

नाही काढली.

हे मला त्यानंच नंतर सांगितलं.

मग घरघर थांबली.

एकदम.

वालेसी ओरडली नाही. तिचा हात पोरीच्या छातीवर होता... छाती हलत होती. खाली. वर. शांत.

आवाज नव्हता.

मग आवाज आला.

खालून.

फळ्यांच्या खालून. तीच घरघर. तीच ओढ, मध्ये तोच खोकला. बारीक. चार वर्षांच्या पोराचा असतो तेवढा.

तालमीचं गाणं थांबलं. गाव झोपलं. खालची घरघर चालू होती. दोघं पोरीला मध्ये घेऊन बसून राहिली. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. कोंबडा आरवायच्या जरा आधी... तीही थांबली.

त्यानंतर केलेराला कधी दम लागला नाही. तुम्हा सगळ्यांना शर्यतीत धूळ चारते, ती हीच केलेरा. किल्लीही कुणी मागितली नाही. अधिकारी आले, चहा प्यायले, गेले. सगळं चांगलंच झालं म्हणा. वेरेनिकीनं नंतर घरापुढं यांगोनाही ठेवली, रोज ठेवतो. पण तो पोरीला जवळ घेत नाही, पाहिलंय का कधी? ती "आजोबा" म्हणून गळ्यात पडली की अंग आखडतो. एकदा यांगोना जास्त झाली तेव्हा मला म्हणाला, "दाजी, मी बाहेर नक्की कुणाला काढलं? आत कोण राहिलं?" मी त्याला शिव्या दिल्या. दुसरं काय करणार?

तर त्या सकाळी. उजाडल्या उजाडल्या तो मला उठवायला आला. तोंडातून शब्द फुटेना, नुसता हात धरून ओढत होता. घरी पोचलो तर केलेरा वर पायरीवर बसून कालचा मासा खात होती, मला बघून हसली. वेरेनिकीनं तिच्याकडं पाहिलं नाही. आम्ही दोघं ओणवे होऊन घराखाली शिरलो. तांबडी माती, मऊ. त्यात माणूस कुशीवर झोपल्याचा खळगा होता, एक हात पसरलेला. मी बोटं घातली. गार.

आणि त्या हाताच्या कुशीत दुसरा खळगा होता, लहान, अंग मुडपून झोपलेल्या पोराचा. मी त्यातही हात घातला.

ऊबदार होता.