सासऱ्यांचा कॉम्प्युटर

पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्याच घरात घडलंय. माझ्याच पोरीच्या बाबतीत.

फिनलंडमधलं कुओपिओ. आमचं घर चौथ्या मजल्यावर. मागच्या डिसेंबरातली दुपार. दुपार म्हणायची एवढंच, तीन वाजून गेले की आमच्याकडे मिट्ट काळोख.

माझे सासरे व्हेइक्को नोव्हेंबरात गेले. कॉम्प्युटरवर पत्ते खेळता खेळता, खुर्चीतच.

माणूस गेला की खिडकी उघडायची, ही आमची जुनी रीत. जीवाला वाट मिळावी म्हणून. पण त्यांचं घर जुनं, लाकडी. थंडीआधीच सगळ्या खिडक्यांच्या फटींवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या.

"अरे, एक तरी फाड," सासूबाई रडत म्हणाल्या.

"आई, सगळी ऊब जाईल. पप्पा काय खिडकीसाठी अडून बसणारेत?" माझा नवरा जार्को म्हणाला.

खिडकी बंदच राहिली.

मग तो कॉम्प्युटर आमच्याकडे आला. जार्कोने आतली हार्ड डिस्क काढून हातोडीने फोडली. नवी घालून आमच्या पाच वर्षांच्या हेल्मीला द्यायचा, असं त्याच्या डोक्यात.

"रिसायकलिंगला देऊन टाक ना," मी म्हटलं. "गेलेल्या माणसाची वस्तू पोरीच्या खोलीत कशाला?"

"धडधाकट वस्तू भंगारात घालू? तू पण ना, भित्री भागूबाई!"

धडधाकट कसली? नुसतं रिकामं खोकं होतं ते. हेल्मीच्या खोलीत कोपऱ्यात पडलेलं, वायरसुद्धा लावलेली नव्हती.

त्या दुपारी जार्को कामावर. मी बटाटे सोलत होते. हेल्मीच्या खोलीतून आवाज आला...

घर्रर्र...

कॉम्प्युटरचा पंखा.

मग बंद.

मग हेल्मी... कुणाशी तरी बोलत होती.

"हो... थांबा ना... उघडते."

मी सुरी टाकून धावले.

हेल्मी खिडकीच्या कट्ट्यावर उभी होती. दोन्ही हात खिडकीच्या मुठीवर. ती मूठ एरवी आम्ही काढून कपाटावर ठेवतो, पोरीमुळेच. स्टुलाशिवाय माझाही हात तिथे पोचत नाही.

आणि काचेवर वाफ धरली होती... आतून.

हेल्मीच्या तोंडापाशी नाही. तिच्या गुडघ्यांपाशी. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड येईल, तिथे.

वाफ विरायची... पुन्हा धरायची.

मी तिला ओढून छातीशी धरलं.

"आजोबांना बाहेर जायचंय," हेल्मी म्हणाली.

देवा रे! मी एका हाताने पोरीला आवळलं आणि दुसऱ्या हाताने खिडकी सताड उघडली.

"जा पप्पा! आमचं चुकलं. पण आता जा, पोरीला सोडा!"

बर्फाळ वारा आत घुसला. पडदा फडफडला. मग सगळं शांत.

मी हुश्श केलं...

तेवढ्यात हेल्मी कानात कुजबुजली, "आई, ते एकटे नाही जाणार. मला चल म्हणतायत."

मी खिडकी धाडकन लावली.

दुसऱ्या दिवशी जार्को स्वतः ते खोकं रिसायकलिंग केंद्रात देऊन आला.

खोकं गेलं. पण हेल्मी रोज झोपताना विचारायची, "आई, आज तरी जाऊ?"

मी रोज नाही म्हणायचे.

काल तिने विचारलंच नाही. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हळूच म्हणाली...

"आई झोपली की निघू."

तेव्हापासून मी डोळ्याला डोळा लावलेला नाही.