सहावं वर्तुळ

हातोडी काकांचीच होती. मुठीवरची पिवळी चिकटपट्टी त्यांच्या पुतणीनं, टिचकीनंच गुंडाळलेली. आता हातोडीच्या लोखंडाला रक्त आणि चार पांढरे केस चिकटले होते, आणि तेवढ्यावर काका घरमालकाच्या खुनासाठी कोठडीत होते.

"काल सकाळी इथं मालकांशी त्यांचं भांडण झालं. शेजाऱ्यांनी ऐकलंय," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"भांडण कसलं!" टिचकी उसळली. "दहापैकी तीन गुण मिळाल्यावर कोण टाळ्या वाजवतं? अकराला निघालो आम्ही. हातोडी इथंच विसरली."

काकांचं कामच तसं. वादळ, पूर, उन्हाची काहिली यांपुढे घर किती तग धरेल, ते ठोकून-ठाकून बघायचं आणि गुण द्यायचे. टिचकी सोळा वर्षांची. सुट्टी असली की वही घेऊन मागे मागे. पोकळ आवाज आला की काका निळ्या खडूनं वर्तुळ काढायचे, ती मोजून लिहायची. आई-बाबा गेल्यापासून तिला होता तो हा एकच माणूस.

"खोली एकदा वहीशी ताडून बघू द्या. पाच मिनिटं! मग हाकला हवं तर."

बाईंनी सुस्कारा सोडला. "कशाला हात लावशील तर खबरदार."

टिचकीनं खोलीत पाऊल टाकलं. प्रेत हलवलं होतं, पण रक्त कुठं जाणार? फरशीवर वाळलेलं काळं थारोळं. छतापर्यंत शिंतोडे. मधल्या खांबावर तर गुडघ्यापासून खांद्यापर्यंत नुसता लाल सडा. एकूण सात घाव. पहिल्यातच कवटी फुटली होती. उरलेले सहा निव्वळ रागाचे.

कोपऱ्यात मालकीणबाई दगडासारख्या बसल्या होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ, हातात पाण्याचा पेला. तो गवंडी. हे घर त्यानंच बांधलेलं.

"तुम्ही काल कधी आलात?" इन्स्पेक्टरबाईंनी त्याला विचारलं.

"साडेचारला. ताईनं प्रेत बघितलं, फोन केला, तसा धावत आलो. त्याआधी महिनाभर इकडे फिरकलो नव्हतो."

"मालकीणबाई, खोलीत हल्ली काही दुरुस्ती?" टिचकीनं मध्येच तोंड घातलं.

"दोन वर्षांत या घराला थापी लागली नाही गं."

"ताई, घोटभर तरी घे," गवंडी म्हणाला. ताईनं मान हलवली. त्यानं पेल्यात बोटं बुडवली आणि बोलता बोलता, न बघताच, खांबावर पाणी शिंपडलं.

"अहो! काय करताय?" बाई कडाडल्या.

"रक्त... धुवावं म्हटलं."

पण पाणी पडलं तिथं रक्ताचा थेंबही नव्हता. टिचकीनं वही उघडली. मधला खांब, वर्तुळं सहा. तिनं खांबावरची मोजली. पुन्हा मोजली. पाच.

"बाई, मला सापडला!" ती जवळजवळ ओरडलीच.

"कोण?"

"आधी खांब बघा. सगळीकडे शिंतोडे, मध्येच वीतभर जागा कोरी. रक्त काय तेवढी जागा चुकवून उडालं? तिथलं प्लास्टर ओलं आहे, खुनानंतरचं. आता सांगा, माझे काका खून करून निवांत प्लास्टर करत बसतील? त्यांना भिंतीला खिळा धड ठोकता येत नाही!"

बाईंनी चाकूनं ती जागा खरवडली. ओला गिलावा ढेकळासारखा खाली आला. आत उघड्या विटा, आणि विटांवर रक्त.

"सिमेंटचा खांब म्हणून दाखवला, आत नुसत्या विटा. एक सळई नाही," टिचकी म्हणाली. "गुण वाचून मालकांनी काकांचीच हातोडी घेतली, सहावं वर्तुळ फोडलं आणि मेहुण्याला बोलावलं. त्यानं तीच हातोडी हिसकावली. मग भोक बुजवलं. एवढं साधलं होतं, पण ताज्या सिमेंटला, ते तडकू नये म्हणून, पाणी मारल्याशिवाय गवंड्याला चैन पडतं का?"

पेला फुटला. गवंड्यानं तिचे केस धरून तिचं कपाळ खांबावर आपटलं. एकदा. दोनदा. डोळ्यांत रक्त उतरलं, तोंडात काहीतरी कटकन मोडलं. बाईंनी त्याचा हात मागे पिरगाळला. खांदा निखळल्याचा आवाज आला आणि तो फरशीवर कोसळला.

"विटा तर विटा!" तो विव्हळत होता. "उभं होतं ना घर? गावभर सांगतो म्हणाला! मला आयुष्यातून उठवायला निघाला होता!"

टिचकीनं अर्धा दात थुंकला. "बाई, आता तरी काकांना सोडा."

बाईंनी ठाण्याला फोन लावला. एवढ्यात मालकीणबाई उठल्या. भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी शांत.

"माझ्या लेकीचं घर तूच बांधलंस. तिथं सळ्या घातल्यास का रे?"

त्यानं मान खाली घातली.

"ती बाळंतीण आहे घरात. संध्याकाळी वादळ येतंय म्हणतात."

मग इन्स्पेक्टरबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "ऐका, त्या घर तपासणाऱ्याला सोडा. नाही, घरी नको. गाडीत घाला आणि मी सांगते त्या पत्त्यावर पळवा. आधी बाळंतिणीला बाहेर काढा म्हणावं, गुण नंतर द्या."