तिच्या मनगटावरचं अत्तर

मोबाईल खाली ठेवा आणि दार नीट लावून घ्या. मागाहून घाबरून एकमेकांच्या अंगावर पडायचं नाही. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय, त्यानंच मला सांगितलंय. तो थापा मारणाऱ्यातला नाही. आमच्यात ते खातं माझ्याकडे होतं.

त्याला आम्ही नाकोबा म्हणायचो. अत्तरं बनवून विकायचा. बाजारामागच्या गल्लीत दुकान, दुकानाच्या पाठीमागे कामाची खोली. बायकोसाठी त्यानं एक खास अत्तर केलं होतं. वरून नुकतं संत्रं सोलल्यासारखं ताजं आणि खाली देवदाराचं उबदार लाकूड. ती ते ऑफिसला लावायची, लग्नाला लावायची, शेवटी शेवटी दवाखान्यातही लावायची. कुठेच ते विजोड वाटलं नाही.

नाकोबाची एक खोड होती. वास तपासायच्या कागदाच्या पट्टीवर त्याचा विश्वास नव्हता. कुठलंही नवं अत्तर असो, मान वर न करता म्हणायचा, "हात दे." शेजारी बसलेली बायको मनगट पुढे करायची. तिथे जमलं, तरच ते बाटलीत जायचं. प्रमाण कधी कुठे लिहून ठेवलं नाही. कशाला ठेवील? ती होतीच की शेजारी.

मग ती गेली. हळूहळू तिची बाटलीही संपली.

पुढे लेकीला परदेशात नोकरी लागली. जायच्या आधी एकदा ती म्हणाली, "बाबा, आईचा चेहरा आठवतो मला. वास आठवेनासा झालाय. ते अत्तर परत करून द्याल?"

असं मागितल्यावर बाप काय करणार? रोज दुकान बंद करून बसायला लागला. स्वतःच्या मनगटावर लावलं तर कडवट. लेकीच्या मनगटावर लावलं तर तिसरंच काहीतरी. संत्रं एकीकडे, लाकूड एकीकडे. दोघांचं काही केल्या जमेना. माणूस पार खचला.

फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार होता. पहाटे लेकीला निघायचं होतं. ती बॅगा भरून झोपली आणि हा दुकानात गेला. एक रिकामी कुपी घ्यायची, जेवढं जमलंय तेवढं भरून आणायचं, इतकंच काम. पण तिथे गेल्यावर पाय निघेना. म्हटलं, शेवटचं एकदा करून बघू.

बारा वाजून गेले. गल्ली सामसूम. खोलीत टेबलावरचा एकच दिवा. त्यानं काडीवर थेंब घेतला आणि सवयीनं, मान वर न करता, बोलून गेला, "हात दे."

आणि त्याला रडू फुटलं. आपण कुणाला म्हणतोय हे...

तेवढ्यात दिव्याच्या उजेडात एक मनगट आलं.

हलू नका. ऐका.

बारीक मनगट. त्यावर सलाईनच्या सुईचा काळा डाग. त्याच्या मागे... उजेड पोचत नव्हता. नाकोबानं वर पाहिलं नाही. मला म्हणाला, "पाहिलं असतं तर ती उठून गेली असती रे."

थेंब लावला. कातडी गार. वास घेतला. लाकूड जास्त. संत्र्याचा एक थेंब. पुन्हा. अजून नाही. पुन्हा...

जमलं.

"हेच ना?"

मनगट हळूच मागे सरलं.

"थांब ना जरा..."

त्यानं मान वर केली. खोलीत कुणी नव्हतं.

पहाट होत आली तसा तो उठला. मग कुपी भरली, बूच लावलं, वरून मेण लावून बंद केली आणि खिशात घालून घरी आला. कुलूप उघडलं, लेकीला उठवायला दिवा लावला. ती उठून बसली. नुसती श्वास घेत राहिली.

"बाबा..." ती म्हणाली, "कुपी उघडलीत?"

नव्हती उघडली. खिशातच होती, मेणासकट. आणि संत्र्याचा वास तासाभरात उडून जातो, पोरांनो. तिथे तो ताजा होता.

रात्री लेक न्हाऊन, केस मोकळे सोडून झोपली होती. आता तिची वेणी घातलेली होती. घट्ट, टोकापर्यंत, लहानपणी आई घालायची तशी. केस अजून ओलसर होते, आणि वास त्या वेणीला होता.