घड्याळ लावलेला रस्ता

कस्तुरी मयेकरच्या बेटाला रातोरात एक रस्ता फुटला होता आणि बेटावर कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

रस्ता दिसत होता तो पडद्यावर. खाडीपलीकडच्या दवाखान्यातून एक तांबडी रेघ निघत होती, बिनधास्त पाण्यात शिरत होती आणि थेट माडबेटाच्या धक्क्याला येऊन टेकत होती. कस्तुरीने खिडकीतून बाहेर पाहिलं. खाडी जिथल्या तिथे होती, काठोकाठ भरलेली. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रेघही जिथल्या तिथे होती.

"टिंबू, हा रस्ता कुठून आला रे?"

टिंबू हा कळशीएवढा गोल यंत्रमानव टेबलाखाली चार्ज होत बसला होता. त्याने एक डोळा उघडला. "नकाशात आहे, म्हणजे कुणीतरी काढला असेल."

"पण इथे पाणी आहे!"

"हो का?" टिंबू खिडकीपाशी लोळत गेला. "खरंच की. पुष्कळ आहे."

आता हे टिंबू प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. आईच्या लहानपणी जगभर एक मोठी साथ आली होती ना, तशीच आणखी एक यंदा आली. शाळा बंद, बाजार बंद आणि पोरं घरात बसून भिंतींना कंटाळलेली. तेव्हा नकाशे बनवणाऱ्या 'दिशारेघ' नावाच्या कंपनीने एक नामी युक्ती काढली. गावोगावी लस पोहोचवायला बिनचालकाच्या गाड्या तयार होत्या, पण या लसगाड्या चालतात नकाशावर, आणि आडगावांचे चांगले नकाशे नव्हतेच. कंपनीच्या शास्त्रज्ञ वैजयंतीताई म्हणाल्या, "पोरं मोकळी आहेत, त्यांची नजर तीक्ष्ण आहे. त्यांनाच शिकवू." मग घरोघरी एकेक टिंबू गेला आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची इंटर्नशिप (काम करता करता शिकण्याची उमेदवारी) सुरू झाली.

तिचा एक गमतीदार नियम होता. आपलं गाव आपण काढायचं नाही. दुसऱ्याने काढायचं, आपण फक्त तपासायचं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचं घर तहसील कचेरीएवढं काढून ठेवलं होतं, त्यावरून ताईंना हा नियम सुचला.

"कुणी काढलंय माडबेट?" कस्तुरीने विचारलं.

"समर्थ घोडके, बोरखेडा, जिल्हा बीड."

"लाव त्याला फोन!"

तिचा आवाज चढला होता आणि त्याला कारण होतं. कस्तुरीची आई त्या पलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. साथ सुरू झाल्यापासून ती घरी आली नव्हती. बेटावर सगळ्यांना लस मिळेपर्यंत दवाखान्यातल्या कुणी घरी जायचं नाही, असा हुकूम होता. रोज संध्याकाळी ती फोनवर दिसायची, हसायची, 'केस विंचरलेस का' विचारायची. कस्तुरीला फोनवरची आई पुरत नव्हती. उद्या पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता लसगाडी निघणार होती आणि ती या तांबड्या रेघेवरून चालणार होती. रेघ ठेवली तर गाडी लसीसकट खाडीच्या तळाशी जाणार. रेघ पुसली तर बेटाला रस्ताच उरत नव्हता. गाडीच्या पोटातच लसीचा फ्रिज, वजन एखाद्या माजलेल्या म्हशीएवढं. छोट्या होड्यांना ते पेलणारं नव्हतं. कस्तुरीचे बाबा चालवायचे ती मोठी तर (माणसं-सामान खाडीपार नेणारी नाव) पावसाळ्याआधीच फळी मोडून किनाऱ्यावर उताणी पडली होती, आणि ती दुरुस्त करणारे सुतार साथीमुळे त्यांच्या गावात अडकलेले. तपासणी आज संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

पडद्यावर समर्थ आला. विस्कटलेले केस, हातात भाकरी.

"काय रे, खाडीतून रस्ता काढलास?" कस्तुरीने सुरुवातच केली. "गाडी काय पोहत येणार?"

"खाडी? ती नदी हाय ना?" समर्थ गोंधळला. "मला दिलेल्या फोटूत तर सगळी वाळूच होती. वाळू दिसली म्हणून रस्ता काढला. आमच्याकडं पाऊस सरला की नदी म्हंजेच रस्ता. ट्रॅक्टर, बैलगाड्या, वऱ्हाडं, सगळे तिच्यातूनच जातेत."

"समुद्राचं पाणी आहे ते! कधी सरत नाही."

"आगं, मला काय माहीत? मी समुद्र बघितलाय कुठं?" मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो मिश्कील हसला. "पण थांब, आमचं बोरखेडा कुणी काढलंय? तूच ना? तू काय लिवलंस, ते वाचू का? 'गावासमोर मोठी नदी. लसगाडी जाणार नाही. नाव पाठवावी.'"

"मग? फोटोत निळंशार पाणी होतं."

"तो फोटू सप्टेंबरातला असंल! आता त्या नदीत आमी क्रिकेट खेळतो. खेळपट्टीला पाणी मारायचं तर ते घरून न्यावं लागतंय. आन् तू बीडला नाव पाठवतीस!"

कस्तुरीला हसू फुटलं. ट्रकवर चढवून आणलेली नाव, वल्ही घेतलेले खलाशी आणि समोर स्टंप रोवून उभी असलेली पोरं तिच्या डोळ्यांसमोर आली. समर्थही हसायला लागला आणि त्याची भाकरी खाली पडली.

"तुम्ही दोघांनी एकच चूक केली आहे," टिंबू म्हणाला. "मला फार आनंद झाला."

"चूक झाली म्हणून आनंद?"

"सारखी चूक दोनदा झाली की तिच्यामागचं कारण सापडतं. हे फोटो कोण काढतं?"

"उपग्रह," दोघं एकदम म्हणाले. उपग्रह (पृथ्वीभोवती फिरत ठेवलेलं यंत्र) वरून जाता जाता खालचे फोटो काढतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"बरोबर. आणि फोटो म्हणजे एक क्षण. समजा, कस्तुरी शिंकत असताना मी तिचा फोटो काढला आणि लिहिलं, 'या मुलीचे डोळे कायम मिटलेले असतात.' चालेल?"

"नाही चालणार!"

"तुम्ही तेच केलंत. समर्थने खाडीचा एक क्षण पाहिला आणि तो कायमचा धरला. कस्तुरीने नदीचा. शिवाय दोघांनी आपापल्या गावाच्या डोळ्यांनी पाहिलं. समर्थला वाळू दिसली की रस्ता वाटतो, कस्तुरीला पाणी दिसलं की होडी."

"मग करायचं काय?"

"एका फोटोवर विसंबायचं नाही. थर रचायचे."

टिंबूने भिंतीवर प्रकाश टाकला. वर्षभरात माडबेटावरून गेलेल्या अनेक उपग्रहांचे फोटो त्याने पारदर्शक केले आणि पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक ठेवले. प्रत्येक फोटोत जिथे पाणी होतं, तिथे रंग गडद निळा झाला. जिथे पाणी कधी होतं, कधी नव्हतं, तिथे फिका. बेटापासून पलीकडच्या काठापर्यंत एक फिकट पट्टा उमटला, समर्थच्या रेघेच्या अगदी खाली.

"ती पुळण आहे, वाळूचा पट्टा," कस्तुरी म्हणाली. "ओहोटीला उघडी पडते. बायका तिथे तिसऱ्यांचे शिंपले काढायला जातात. पण ती अर्ध्यावर संपते. पुढे खोल आहे."

"फोटोत तर पार पलीकडं जातीय," समर्थ म्हणाला. "टिंबू, हे फोटू तारखेनं लावलेत का? तसं नको. पाण्यानं लाव. सगळ्यात भरलेला आधी, सगळ्यात कोरडा शेवटी."

टिंबूचे दोन्ही डोळे उघडले. "वा! हे मला सुचलं नव्हतं."

त्याने फोटोंचा क्रम बदलला आणि एकामागून एक भराभर दाखवले. भिंतीवरची खाडी हळूहळू ओसरू लागली. आधी पुळणीची पाठ वर आली, मग ती लांबत गेली, आणि शेवटच्या काही फोटोंत पलीकडच्या काठाला जाऊन भिडली. ते सगळे फोटो यंदाच्या पावसाळ्यानंतरचे होते.

"पावसात वाळू वाहून आली असणार! आणि बाबांची तर बंद म्हणून त्या बाजूला कुणी फिरकलंच नाही." कस्तुरी उभीच राहिली. "समर्थ, तुझी रेघ चुकीची नाही. तिला फक्त वेळ घातलेली नाही!"

"म्हंजे?"

"रस्ता आहे, पण चोवीस तास नाही. त्याला घड्याळ लावायला हवं."

आता घड्याळ लावायचं तर भरती-ओहोटी कधी, ते कळायला हवं. टिंबू आकडेमोडीला बसणार, तोवर कस्तुरी म्हणाली, "ते माझं मी सांगते. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्दशी, चौदावी तिथी. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. खाडी काठोकाठ होती. "उद्या पौर्णिमा. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. आणि गाडी निघणार अकराला. ऐन भरतीत!"

"ही पाऊणपट आली कुठून?" समर्थने विचारलं.

"आमच्याकडे सगळ्यांनाच येते. पण का येते, ते मलाही माहीत नाही."

"मला माहीत आहे," टिंबू खूश होऊन म्हणाला. "समुद्राचं पाणी ओढतो मुख्यतः चंद्र. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला आणखी साधारण पाऊण तास फिरावं लागतं. म्हणून भरती रोज पाऊण तास उशिरा येते. तुमच्या पाऊणपटीत चंद्राची चाल बसवलेली आहे! शिवाय अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते."

"उधाण," कस्तुरी म्हणाली.

"तेच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे उद्या संध्याकाळी सव्वापाचला खाडी सगळ्यात रिकामी. पण एक अडचण आहे. फोटोला वाळू दिसते, ती घट्ट आहे की भुसभुशीत, ते दिसत नाही. त्याला खातरजमा (जागेवर जाऊन पाहणी) लागते."

आजची ओहोटी साडेचारची होती.

बाबांना सगळं सांगितलं, तेव्हा ते मान हलवत म्हणाले, "नाय गो, तिकडं खोल हाय. माझ्या बापापास्नं खोल हाय." तरीही त्यांनी होडी लोटायचा लांब बांबू उचलला. तोंडाला मास्क बांधून बापलेक पुळणीवर उतरले. पुढे टिंबू लोळत होता. तो आयुष्यात कधी भिजला नव्हता. ओल्या वाळूचा पहिला शिंतोडा उडताच तो "अगं आई!" असं स्वच्छ मराठीत ओरडला.

पुळण संपायची ती जागा आली. बाबांनी बांबू खुपसला. तो बोटभर गेला आणि अडला. त्यांनी पुढे जाऊन खुपसला, मग डावीकडे, मग उजवीकडे. डाव्या बाजूला तो सपकन कोपरभर आत गेला. टिंबूने तिथे लाल खूण केली. बाकी वाट घट्ट होती. पलीकडच्या काठाच्या दगडाला हात लागला तेव्हा बाबा कितीतरी वेळ वळून बेटाकडे बघत राहिले.

"चालत इलो," ते म्हणाले. "मी तरवाला, आनि चालत इलो!"

संध्याकाळी कस्तुरीने आणि समर्थने मिळून तपासणी पाठवली. तांबडी रेघ आता तुटक होती, डावीकडच्या मऊ वाळूला वळसा घालून जाणारी, आणि तिच्या टोकाला एक छोटंसं घड्याळ काढलेलं होतं. बोरखेड्याच्या नदीवरही तसंच एक घड्याळ होतं, फक्त त्यावर तासांऐवजी महिने होते. थोड्याच वेळात वैजयंतीताईंचा फोन आला.

"आमच्या नकाशांत रस्ता एकतर असतो नाहीतर नसतो," त्या म्हणाल्या. "'कधी कधी असतो' हे लिहायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. आता ठेवू. गाडी उद्या संध्याकाळी निघेल." मग त्या हसल्या. "आणि बीडची नाव रद्द करते हं."

दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आधीच अख्खं बेट अंतर राखून किनाऱ्यावर उभं होतं. कस्तुरीच्या हातातल्या पडद्यावर समर्थ होता, त्याच्या मागे त्याचं अर्धं गाव. पाणी ओसरत गेलं. पुळणीने पाठ वर काढली आणि पलीकडच्या काठावर काहीतरी पांढरं हललं.

सहा रुंद चाकांची लसगाडी सावकाश वाळूवर उतरली. मधल्या जागी ती जरा कलली. गाडीने मऊ वाळू टाळत हळूच वळण घेतलं, रेघेवर होतं अगदी तेवढंच, आणि पुढे निघाली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"गाडीमागं कोण चाललंय?" पडद्यातून समर्थ ओरडला.

मास्क लावलेली एक बाई गाडीमागून येत होती. चपला हातात, सलवारीचे पाय वर दुमडलेले. कस्तुरीला कालपासून एक साधी गोष्ट सुचली नव्हती. लस गाडी आणेल, पण टोचणार कोण?

"आई!"

ती धावत सुटली. आई दोन हात लांब थांबली, जंतुनाशक हातावर चोळून घेतलं, लेकीच्या हातावरही ओतलं आणि मग पहिलं काय केलं असेल, तर तिचे केस चाचपले.

"विंचरले नाहीस ना?"

कस्तुरीला रडूही येत होतं आणि हसूही. तिने दोन्ही करून घेतलं.

धक्क्यावर रांग लागली. आईचे हात भराभर चालत होते. पहिली लस बाबांनी घेतली आणि जरा जास्तच मोठ्याने 'आयाय' केलं. सूर्य टेकला तेव्हा शेवटच्या माणसाला लस मिळाली होती. आईने फ्रिजचं झाकण लावलं आणि घड्याळ पाहिलं.

"चला, निघायला हवं. गाडी सोडून मला राहता येणार नाही."

कस्तुरीने टिंबूकडे पाहिलं. टिंबूने खाडीकडे पाहिलं. पुळणीची पाठ बुडत चालली होती.

"नकाशाप्रमाणे," टिंबू गंभीरपणे म्हणाला, "हा रस्ता आता बंद झाला आहे. उद्या पहाटेपर्यंत उघडणार नाही."

"अगदी नक्की?" आईने विचारलं.

"पाऊणपट करून बघ हवं तर," कस्तुरी म्हणाली आणि आईच्या चपला उचलून घराच्या वाटेला लागली.